नव्या खेकड्याला आधी त्याचे स्वतःचे घर द्या

प्रश्न: आमच्याकडे तीन हर्मिट खेकडे (गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) गेली काही वर्षे काचेच्या एका मोठ्या टाकीत राहत आहेत. त्यांपैकी एक सध्या वाळूखाली गेलेला आहे. मागच्या आठवड्यात मुलीच्या आग्रहावरून आम्ही चौथा खेकडा विकत आणला. त्याची मोठी नांगी जांभळी आहे, एक पाय तुटलेला आहे आणि त्याचा शंख निळ्या रंगाने रंगवलेला आहे. ‘हे प्राणी कळपानेच राहतात, घरी नेऊन सरळ बाकीच्यांत सोडा,’ असे विक्रेत्याने सांगितले. परंतु नवा प्राणी काही दिवस वेगळा ठेवावा असे वाचनात आल्यामुळे आम्ही त्याला तूर्त प्लास्टिकच्या एका लहान डब्यात ठेवले आहे. तो शंखाबाहेर क्वचितच येतो आणि काही खाल्ल्याचेही दिसत नाही. त्याला किती दिवस वेगळे ठेवायचे, आंघोळ घालायची का, आणि एकटे ठेवल्यामुळे त्याचे हाल तर होत नाहीत ना, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक

उत्तर: विक्रेत्याचे न ऐकता आपण नव्या खेकड्याला वेगळे ठेवले, हे अगदी योग्य झाले. मात्र ज्या डब्यात तो आहे तो डबा शक्यतो आजच बदलावा, अशी माझी आपल्याला पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. विलगीकरण म्हटले की एखादा रिकामा डबा, त्यात मूठभर वाळू आणि पाण्याची वाटी एवढीच व्यवस्था बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. इतर काही प्राण्यांच्या बाबतीत थोडे दिवस तेवढ्यावर भागतही असेल. हर्मिट खेकड्याच्या बाबतीत मात्र असा डबा हाच त्याच्या जिवावरचा सर्वांत मोठा धोका ठरतो. जुन्या तिघांना नव्यापासून वाचवण्याच्या खटपटीत नव्याचाच बळी जाऊ नये, एवढ्यासाठी हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आपल्याकडे आलेला खेकडा कोठून आला असेल, याचा विचार आधी करावा लागतो. जांभळी मोठी नांगी असलेला हा खेकडा बहुधा ‘सीनोबिटा क्लायपिएटस’ या कॅरिबियन जातीचा असावा. पाळीव म्हणून विकले जाणारे जवळजवळ सगळे जमिनीवरचे हर्मिट खेकडे समुद्रकिनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात, कारण त्यांची अंडी समुद्राच्या पाण्यात फुटतात, पिल्ले कित्येक आठवडे पाण्यात तरंगत वाढतात आणि त्यानंतर शंख मिळवून जमिनीवर येतात. हा सगळा प्रवास टाकीत घडवून आणणे फार थोड्या लोकांना साधले आहे. म्हणजे आपला चौथा पाहुणा किनाऱ्यावर मोकळा हिंडत होता, तेथून तो पकडला गेला, खोक्यांमध्ये गर्दीने भरून दूरवर पाठवला गेला, कोठेतरी त्याला रंगवलेल्या शंखात जावे लागले आणि शेवटी दुकानातल्या कोरड्या जाळीच्या पिंजऱ्यात तो किती दिवस होता हे कोणालाच ठाऊक नाही. हा खेकडा जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि ते कल्ले ओले राहिले तरच काम करतात. हवा कोरडी असेल तर तो एकाएकी मरत नाही, हळूहळू गुदमरत जातो. झालेली हानी लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, सगळे ठीक चालले आहे असे वाटत असताना खेकडा मलूल होतो आणि दगावतो. अनुभवी पाळणारे याला विकत आणल्यानंतरचा ताण म्हणतात. त्यामुळे नवा खेकडा वेगळा ठेवण्यात दोन हेतू सारखेच महत्त्वाचे आहेत: त्याच्यासोबत काही किडी आल्या असतील तर त्या जुन्यांपर्यंत पोहोचू नयेत, आणि त्याला स्वतःला गर्दी, स्पर्धा व धसमुसळेपणा टाळून सावरायला वेळ मिळावा.

आपल्या बाबतीत तिसरेही एक कारण आहे आणि ते तातडीचे आहे. आपला एक खेकडा वाळूखाली आहे, म्हणजे बहुधा तो कात टाकत आहे. कात टाकलेल्या खेकड्याचे अंग काही काळ मऊ असते आणि त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. ताणाखाली असलेला, उपाशी आणि स्वतःही कात टाकायला आलेला नवा खेकडा त्याच टाकीत सोडला, तर तो पहिल्याच रात्री वाळू उकरायला लागण्याची शक्यता असते. खाली त्याला मऊ अंगाचा दुसरा खेकडा सापडला, तर तो त्याला खाऊनही टाकू शकतो. यात क्रौर्य नाही, त्यांचा स्वभावच तसा आहे. पण आपल्या जुन्या खेकड्याचा जीव त्यात जाईल.

आता नव्याच्या घराविषयी. प्लास्टिकचा लहान डबा वाईट का, तर त्यात वाळूचा पुरेसा जाड थर मावत नाही, उष्णता टिकत नाही आणि हवेतला दमटपणा राखता येत नाही. एका मध्यम आकाराच्या खेकड्यासाठी साधारण ४० लिटरची काचेची टाकी, तिच्यावर हवा फारशी जाऊ न देणारे काचेचे किंवा जाड प्लास्टिकचे झाकण, एवढे असले की पुढचे सोपे होते. पाच भाग स्वच्छ बारीक वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करून ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओलवावे. ओल किती असावी याची परीक्षा बोटाने करता येते: बोट खुपसून बाहेर काढल्यावर पडलेले भोक तसेच उभे राहिले पाहिजे आणि मूठ दाबली असता पाणी गळता कामा नये. या थराची खोली कमीत कमी १५ सेंटिमीटर आणि खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट तरी असावी. ‘थोड्याच दिवसांसाठी तर आहे, मग इतकी वाळू कशाला,’ असे वाटणे साहजिक आहे. पण कात कधी टाकायची हे खेकड्याचे शरीर ठरवते. त्याला खाली जायचे असेल आणि जागाच नसेल, तर तो उघड्यावर कात टाकतो किंवा कात अडून मरतो. पाय तुटलेला आणि खाणे सोडलेला खेकडा कात टाकायच्या बेतात असण्याची शक्यता इतकी मोठी आहे, की या एका गोष्टीत काटकसर करू नये.

टाकीतील आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सियस यांच्या दरम्यान असावे. हे अंदाजाने ठरवू नये. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणि तापमापक वाळूच्या पातळीच्या थोडा वर, आत लावून ठेवावा. उष्णतेची गादी वापरत असाल तर ती टाकीच्या तळाखाली न ठेवता मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवावी, कारण तळाकडून आलेल्या उष्णतेने खाली गेलेला खेकडा भाजून निघतो. दुकानातल्या कोरड्या हवेतून आलेल्या खेकड्याला एकदम इतक्या दमट हवेत न्यावे की आठवडाभरात टप्प्याटप्प्याने, याविषयी पाळणाऱ्यांमध्ये दोन मते आहेत. मला टप्प्यांची पद्धत मान्य आहे, मात्र तिची सुरुवात ७० टक्क्यांच्या खाली करू नये. जे कल्ले आधीच सुकलेले आहेत त्यांना आणखी दिवस कोरडे ठेवण्यात काहीच हित नाही.

पाण्याची दोन भांडी लागतात, एक गोड्या पाण्याचे आणि एक खाऱ्या पाण्याचे. दोन्हीतले पाणी क्लोरीनविरहित असले पाहिजे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की त्यातले क्लोरीन उडून जाते हे खरे आहे, पण क्लोरामाइन (पाणी शुद्ध करण्यासाठी काही ठिकाणी वापरले जाणारे दुसरे रसायन) तसे उडत नाही, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे क्लोरीन काढण्याचे औषध वापरणे अधिक सुरक्षित आहे. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. सागरी मत्स्यालयांसाठी मिळणारे मीठ एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. भांडी एवढी खोल असावीत की खेकड्याला शंखासकट पाण्यात उतरता येईल, आणि त्यात चढून बाहेर यायला खडे किंवा जाळी असावी. खेकडा आपल्या शंखात नेहमी थोडे पाणी साठवून ठेवतो व त्यातला खारेपणा कमी-जास्त करण्यासाठी तो दोन्ही भांड्यांत जाऊन येतो, म्हणून दोन्हींची गरज आहे.

याच ओघात आपल्या आंघोळीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आल्या आल्या खेकड्याला धरून पाण्यात बुडवण्याची पूर्वी पद्धत होती. निरोगी खेकड्याला त्याची गरज नाही. तो हवे तेव्हा स्वतः पाण्यात जातो. धरून बुडवल्याने त्याने शंखात जुळवून ठेवलेले पाणी वाहून जाते आणि आधीच घाबरलेला जीव आणखी घाबरतो. आंघोळीची वेळ येते ती एकाच कारणासाठी, ते कारण म्हणजे अंगावरच्या माइट्स (कोळ्याच्या वर्गातल्या अगदी बारीक किडी), आणि त्यांकडे थोडे बारकाईने पाहायला हवे.

टाकीत दिसणारी प्रत्येक बारीक हलणारी वस्तू घातक नसते. ओल्या वाळूत उडी मारणारे पांढुरके स्प्रिंगटेल बुरशी आणि कुजके खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. अन्नाच्या शिळ्या तुकड्यावर जमणाऱ्या, संथ चालणाऱ्या काही माइट्सही खेकड्याला अपाय करत नाहीत, त्या दिसल्या म्हणजे शिळे अन्न वेळेवर काढले जात नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. काळजी करायची ती खेकड्याच्या अंगावर राहणाऱ्या माइट्सची. त्या पाहण्यासाठी संध्याकाळी, खेकडा शंखाबाहेर आलेला असताना, त्याला ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि भिंगातून निरखावे. पायांच्या सांध्यांत, डोळ्यांच्या देठांच्या मुळाशी आणि शंखाच्या तोंडाच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट, तपकिरी किंवा लालसर ठिपके चालताना दिसले, किंवा खेकडा उचलून घेतल्यावर कागदावर असे ठिपके मागे राहिले, तर माइट्स आहेत असे समजावे. त्या शंखाच्या आत, त्याच्या मऊ पोटावर आणि कल्ल्यांपाशीही असू शकतात, म्हणून एकदा पाहून काही दिसले नाही तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी असे पाहावे, मात्र खेकडा खाली गेला नसेल तरच.

माइट्स आढळल्या तर कोणतेही कीटकनाशक, मांजराकुत्र्यांसाठीचे औषध किंवा फवारा वापरू नये. खेकडा आणि माइट दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे प्राणी आहेत. जे औषध माइटला मारते ते खेकड्यालाही मारते. क्लोरीन काढलेल्या, सागरी मीठ घातलेल्या कोमट पाण्यात खेकड्याला काही क्षण हलकेच उलटसुलट करून बुडवावे, म्हणजे शंखातली हवा निघून आत पाणी खेळते आणि बऱ्याच माइट्स सुटून वर तरंगतात. ही आंघोळ आटोपल्यावर खेकड्याला त्याच वाळूत परत ठेवू नये. सगळी वाळू काढून टाकावी, टाकी गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुऊन नीट खळबळून घ्यावी, शंख उकळून घ्यावेत, लाकूड वगैरे भाजून घ्यावे किंवा टाकून द्यावे. अंडी शिल्लक राहतात, म्हणून आठवड्याभराने पुन्हा तपासून गरज असल्यास हे सारे परत करावे. हे काम कष्टाचे आहे, पण एका रिकाम्या लहान टाकीत ते पार पडते; चार खेकडे, त्यांतला एक वाळूखाली कात टाकत असलेला, अशा मोठ्या टाकीत ते जवळजवळ अशक्य होते. विलगीकरणाचा सर्वांत व्यावहारिक लाभ हाच आहे.

रंगवलेल्या शंखाविषयी आपण वेगळे विचारले नाही, तरी सांगतो. रंगाचे पापुद्रे निघतात, ते पाण्यात व अन्नात मिसळतात आणि खेकडा ते कुरतडतो, म्हणून तो शंख लवकर सुटलेला बरा. पण खेकड्याला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पकड सोडण्यापेक्षा तो स्वतःचे शरीर फाटू देतो. त्याऐवजी, आतून गुळगुळीत, न रंगवलेले, उकळून घेतलेले चार-पाच शंख टाकीत ठेवावेत. या जातीला गोल तोंडाचे शंख आवडतात, विशेषतः टर्बो गोगलगायींचे. आकार निवडताना मोठ्या डाव्या नांगीकडे पाहावे, कारण आत गेल्यावर ती दारासारखी शंखाचे तोंड बंद करते. ज्या शंखाचे तोंड त्या नांगीएवढे किंवा जरासे मोठे आहे, असे निरनिराळे शंख असावेत. एखाद्या रात्री तो आपण होऊन बदल करील. पुष्कळ खेकडे काही आठवडे जुन्याच शंखाला चिकटून राहतात, त्याची चिंता करू नये.

तुटलेला पाय हा रोग नव्हे. हर्मिट खेकडे धोक्यात किंवा ताणाखाली स्वतःचा पाय सोडून देऊ शकतात, आणि पुढच्या कातीच्या वेळी तो बहुधा पुन्हा उगवतो. तुटल्या जागी काही दिवसांनी लहान, पारदर्शक, जेलीसारखा उंचवटा दिसू लागला, तर तो नवा पायच तयार होत आहे असे समजावे आणि खेकडा लवकरच खाली जाणार असे धरून चालावे. मात्र आपल्याकडे आल्यानंतर एकामागून एक पाय गळू लागले, तर ते वाईट लक्षण आहे. असे झाले तर आर्द्रता व तापमान पुन्हा तपासावे, अंधार आणि शांतता द्यावी, हाताळणे पूर्ण बंद करावे. याहून अधिक काही करता येण्यासारखे फारसे नसते, हे मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही.

तो खात नाही याची आपल्याला काळजी वाटते. पहिले काही दिवस न खाणे, शंखात दडून राहणे किंवा एका कोपऱ्यात निश्चल बसणे हे नेहमीचेच आहे. शिवाय हे प्राणी निशाचर आहेत आणि त्यांचे घास इतके लहान असतात की बशीत काही कमी झाले हे डोळ्यांना कळत नाही. आपल्या मुलीला यात एक चांगले काम देता येईल: रात्री झोपण्यापूर्वी बशीभोवतीची वाळू हाताने सपाट करून ठेवायची आणि सकाळी त्यावर उमटलेल्या खुणा पाहायच्या. पायांच्या टोकांचे बारीक टिंब आणि मधून शंख ओढल्याची पट्टी दिसली, की पाहुणा रात्री बशीपर्यंत आला होता हे तिला कळेल. त्या खुणा, कोणते अन्न विस्कटलेले दिसले, शंख बदलला का, अंगाला कोणता वास येतो, हे तिने रोज एका वहीत तारखेसह टिपून ठेवावे. बशीत दळलेले अंड्याचे कवच किंवा समुद्रफेस (कटलफिशचे पांढरे हाड), बिनमिठाची सुकी कोळंबी, फळांचे छोटे तुकडे, पालेभाजी, औषधफवारणी न झालेली सुकी पाने असे पालटून पालटून ठेवावे आणि ओले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. तयार खाद्य वापरायचे असल्यास त्यावरील घटकांची यादी वाचावी. त्यात कॉपर सल्फेट असेल तर ते देऊ नये, तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी असते.

किती दिवस, या आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. किमान चार आठवडे आणि माझ्या मते सहा आठवडे, ही मुदत धरावी. परंतु ती मोजायची ती खेकडा वाळूवर असलेल्या दिवसांनी. मधेच तो खाली गेला तर मोजणी थांबवावी. लहान खेकडा महिनाभर, मध्यम दोन महिनेही खाली राहतो, मोठ्यांना त्याहून जास्त लागतात, आणि या काळात वाळू उकरून ‘आहे की नाही’ हे पाहू नये. उकरल्याने त्याने बांधलेली पोकळी ढासळते आणि कित्येक वेळा तोच त्याचा शेवट ठरतो. तो मेला आहे की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तेव्हा वाळूच्या पृष्ठभागाशी नाक नेऊन पाहावे. मेलेल्या खेकड्याला कुजक्या मासळीचा असा उग्र दर्प येतो की संशयाला जागा उरत नाही. तो दर्प नसेल तर थांबावे. वर आल्यावर त्याचे रंग उजळलेले दिसतील, पायांची टोके तीक्ष्ण असतील. सोडलेली कात तो बहुतेक खालीच खाऊन टाकतो, कारण नवे कवच कठीण करायला त्यातला चुना लागतो. त्यानंतर आणखी दोन आठवडे त्याला तेथेच राहू द्यावे. माइट्स आढळल्या असतील तर त्यांचा शेवटचा मागमूस दिसल्या दिवसापासून मुदत नव्याने मोजावी.

दोन प्रसंग मात्र असे आहेत की ज्यांत लगेच हालचाल करावी लागते. खेकडा शंख सोडून उघडाच बसलेला आढळला, तर एका लहान भांड्यात क्लोरीन काढलेले थोडे पाणी आणि दोन-तीन योग्य शंख घेऊन त्याला त्यात अलगद ठेवावे, वरून अंधार करावा आणि तास-दोन तास एकटे सोडावे. बहुतेक वेळा तो एका शंखात शिरतो. तो वाळूवरच कात टाकू लागला, तर त्याला अजिबात उचलू नये, सुटलेली कात काढून घेऊ नये, टाकीवर कापड टाकून अंधार करावा. कातीचा रिकामा सांगाडा पाहून खेकडा मेला असा समज होऊन जिवंत खेकडे टाकून दिले गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून असा सांगाडा दिसल्यास तो पोकळ आहे का आणि शंखात कोणी आहे का, हे हात न लावता नीट पाहावे.

दोन टाक्या घरात असताना कामाचा क्रम पाळावा. आधी जुन्या तिघांचे अन्नपाणी करावे, मग नव्याचे, आणि हात नुसत्या पाण्याने चांगले चोळून धुवावेत, कारण साबणाचा, अत्तराचा किंवा मलमाचा अंश खेकड्यांना बाधतो. नव्यासाठीचा चमचा, बशी, पाणी घालायचे भांडे, सगळे वेगळे असावे. त्याच्या टाकीतला शंख, पान किंवा लाकूड मधल्या काळात मोठ्या टाकीत जाऊ नये. टाक्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता आल्यास उत्तम, निदान एकमेकींना चिकटून असू नयेत. दोन्ही खोल्यांत डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारू नये.

एकटेपणाविषयीची आपली शंका मला मोलाची वाटते, कारण हर्मिट खेकडे खरोखरच समूहाने राहणारे प्राणी आहेत. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आला, की या जातीचे खेकडे कधी कधी मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेने जमतात आणि पहिल्याने शंख बदलला की त्याचा सोडलेला शंख दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, असे एका झटक्यात सगळे आपली घरे बदलतात. असा प्राणी जन्मभर एकटा ठेवू नये. परंतु काही आठवड्यांचा एकांत ही वेगळी गोष्ट आहे. कात टाकण्यासाठी तो स्वतःहून त्याहून दीर्घ काळ वाळूखाली एकटा राहतो. चांगल्या टाकीत, दडायला कोनाडे, चढायला फांदी आणि पाण्याची दोन भांडी असताना त्याचे हाल होत नाहीत. हाल होतात ते कोरड्या डब्यात.

मुदत संपल्यावर तो खात असेल, पाण्यात उतरत असेल, अंगावर काही दिसत नसेल आणि उचलल्यावर पाय ताठ धरत असेल, तर त्याला मोठ्या टाकीत न्यावे. त्यापूर्वी आपला खाली गेलेला जुना खेकडा वर येऊन सावरलेला असणे मी आवश्यक मानतो. तो वर आला नसेल तर नव्याने आणखी थांबावे, त्याचे काही बिघडत नाही. मोठ्या टाकीत चौघांना एकाच वेळी खाली जाता येईल इतकी वाळू आणि पसारा आहे का, याचाही विचार आताच करून ठेवावा. संध्याकाळी, भरपूर अन्न घालून आणि सर्वांच्या मापाचे जादा शंख ठेवून, नव्याला रिकाम्या जागी अलगद ठेवावे. जुने येतील, मिशांनी त्याला चाचपतील, त्याच्या शंखावर चढतील, एखादा त्याला ढकलून पाहील. हे सगळे ओळख करून घेणे आहे, त्यात मध्ये पडू नये. मात्र एक दुसऱ्याच्या शंखाला पकडून सतत हिसके देत असेल, शंखावर शंख आपटत असेल, किंवा नांगीने पाय ओढत असेल, तर ती शंखासाठीची मारामारी आहे. अशा वेळी नव्याला परत त्याच्या टाकीत न्यावे, मोठ्या टाकीत शंखांची संख्या वाढवावी आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करावा.

म्हणूनच तो मोठ्या टाकीत गेल्यानंतरही लहान टाकी निदान महिनाभर मोडू नये, तिची ओल आणि ऊब चालू ठेवावी. पुढे कधी एखादा खेकडा जखमी झाला किंवा मलूल दिसला, तर त्याला न्यायला तीच जागा उपयोगी पडेल. फक्त त्याआधी वाळू नवी भरावी. आणि आपल्या मुलीने नव्या पाहुण्याला हातावर केव्हा घ्यावे, असे ती विचारत असेल, तर मोठ्या टाकीत त्याने एक कात सुखरूप टाकेपर्यंत तिने थांबावे. तोवर तिच्याकडे वही आहेच.